आइनोच्या नवऱ्याचा व्हिसा

सरकारी कामाला गेलेला माणूस रिकाम्या हातानं परत येत नाही. काम नाही झालं तर किस्सा तरी घेऊन येतो. आम्ही जेद्दाजवळ थुवालला राहायला आल्यापासून असे किस्से इतके साठलेत की शुक्रवारच्या नाश्त्याला कोणी नुसतं "परवा इकाम्याच्या कामाला गेलो होतो" म्हटलं, की बाकीचे खुर्च्या पुढे ओढतात आणि चहाचं दुसरं आधण चढतं.

गेल्या वर्षभरात मात्र सगळ्यांचे किस्से एका माणसानं मागे टाकले. तो केदार.

आधी मंडळी सांगते, म्हणजे पुढे गोंधळ नको. मी इथल्या शाळेत गणित शिकवते. माझा नवरा विनय पुण्याचा, विद्यापीठाच्या खारं पाणी गोड करण्याच्या प्लँटवर सेफ्टी इंजिनिअर. कुठलंही काम चेकलिस्टशिवाय करायचं नाही हा त्याचा बाणा. आमच्या फ्रिजवरसुद्धा एक चेकलिस्ट चिकटवलेली आहे आणि तिची पहिली ओळ 'दार नीट लागले का' अशी आहे. शब्बीरभाई आणि रुबीनाभाभी श्रीवर्धनचे. शब्बीरभाई इथल्या कँटीनना मासळी पुरवतात. आमच्यात ते सगळ्यात जुने, त्यांचं अर्धं आयुष्य याच देशात गेलंय. दर शुक्रवारी भाभी घावनं करून आणतात आणि आमच्याकडे सगळे जमतात.

केदार नाशिकचा आणि त्याची बायको आइनो फिनलंडची. ती इथल्या विद्यापीठात समुद्रातल्या प्रवाळांवर संशोधन करते. दोघांची ओळख झाली जेलीफिशमुळे. केदार तेव्हा पलीकडच्या किनाऱ्यावर, जुबैलला, एका कारखान्यात होता. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी एकदा इतके जेलीफिश अडकले की कारखाना बंद पडायची वेळ आली. सल्ल्यासाठी म्हणून आइनोला बोलावलं. जेलीफिश गेले, आइनो राहिली.

लग्न झाल्यावरही बरेच दिवस तो त्या किनाऱ्यावर आणि ती या किनाऱ्यावर असं चाललं. दोघांनाही ते जड गेलं. शेवटी केदारनं नोकरी सोडली आणि थुवालला आला. "आता पुन्हा वेगळं राहायचं नाही," हे तो आला त्याच आठवड्यात आमच्या टेबलाशी बसून म्हणाला होता.

आणखी एक. आइनो मराठी बोलते, आणि ती ते सासूकडून शिकली आहे, व्हिडिओ कॉलवर. त्यामुळे तिचं मराठी आमच्यापेक्षा एक पिढी जुनं आहे. ती केदारला "अहो" म्हणते आणि केदारबद्दल बोलताना "हे". केदारला पहिल्यांदा लाज वाटायची. आता त्याला दुसरं काही चालत नाही.

*

या देशात बाहेरून आलेल्या प्रत्येकाकडे इकामा असतो, म्हणजे राहण्याचा परवाना. तो कोणाच्या तरी भरवशावर मिळतो. ज्याच्या भरवशावर मिळतो तो तुमचा कफील. आमच्या बहुतेक घरांत नोकरी नवऱ्याची असते आणि बायको त्याच्या इकाम्यावर येते. केदारचं उलटं. नोकरी आइनोची, आणि केदारच्या कार्डावर अरबीत लिहिलेलं, 'सोबत आलेला, काम करण्यास परवानगी नाही.' हे आम्हाला शब्बीरभाईंनी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"माझा पहिला कफील बुरैद्याला बसायचा," ते केदारला म्हणाले. "त्याला भेटायचा तर अख्खा दिवस जायचा. तुझा तर समोर बसून घावनं खातोय."

केदारच्या चुलतभावाचं लग्न नाशिकला होतं. देशाबाहेर जाऊन परत यायचं तर कफीलला आपल्या फोनवरून परवानगी काढावी लागते. आइनो त्या आठवड्यात संशोधनाच्या बोटीवर होती आणि परवानगी काढायचं साफ विसरली. केदार जेद्दाच्या विमानतळावर काउंटरपाशी पोचला तेव्हा अधिकारी म्हणाला, "परवानगी दिसत नाही. कफीलला फोन लाव."

केदारनं बोटीवर फोन लावला. मग प्रामाणिकपणे सांगितलं, "कफील पाण्याखाली आहे."

अधिकाऱ्यानं छातीवर हात ठेवला, दोन शब्द पुटपुटला आणि केदारला बसायला खुर्ची मागवली. केदारनं घाईघाईनं खुलासा केला, की माणूस गेलेलं नाही, डायव्हिंग करतंय, आणि ते माणूस म्हणजे माझी बायको आहे. अधिकाऱ्यानं त्याचं कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाला, "खुर्ची राहू दे तुझ्याकडे."

विमान गेलंच. नाशिकहून केदारच्या आईंचा फोन आला. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "आमच्या वेळी विचारल्याशिवाय बायकांना माहेरी जाता यायचं नाही. बरं झालं, कोणाला तरी कळलं."

*

मग आइनोला युरोपात नोकरी मिळाली. समुद्राकाठचं गाव, मोठी संशोधन संस्था, आणि ज्या कामासाठी ती इतकी वर्षं धडपडत होती नेमकं तेच काम. देशाचं नाव सांगत नाही, केदारनं बजावून ठेवलंय. एवढंच सांगते की तो देश फिनलंड नाही.

आनंद झाला, पेढे झाले. भाभींनी दुधाचं सांदण केलं. आणि दुसऱ्या शुक्रवारी केदार आम्हाला कायदा समजावून सांगायला बसला. युरोपीय संघाच्या नागरिकाशी लग्न झालेल्या बाहेरच्या माणसाला जोडीदाराबरोबर संघातल्या दुसऱ्या देशात राहता येतं. तिथे जाऊन रहिवासाची नोंदणी करायची, कार्ड मिळतं. पण भारतीय पासपोर्ट असल्यानं त्या देशात पाय ठेवायला आधी व्हिसा लागणार, आणि तो देताना रियाधची वकिलात बघणार की लग्न खरं आहे ना. नुसतं कागदासाठी केलेलं नाही ना.

"आणि आइनोच्या स्वतःच्या देशात जायचं असतं तर?" विनयनं विचारलं.

"तर हा नियम लागूच होत नाही. तिथला वेगळा कायदा, आणि तो जास्त कडक आहे."

शब्बीरभाईंनी घावन खाली ठेवलं. "थांब. बायकोच्या माहेरी गेलास तर तुला दारातच उभा करणार. आणि तिच्या माहेरच्या शेजाऱ्यांकडे गेलास तर पाट मांडणार?"

"साधारण तसंच."

"कायदा ज्यानं केला," शब्बीरभाई म्हणाले, "त्याला सासुरवाडीचा चांगला अनुभव हाय."

हसून झालं, पण हिशेब सगळ्यांच्या लक्षात आला होता. आइनोची इथली नोकरी संपली की तिचा इकामा संपणार, आणि तिचा संपला की केदारचाही त्याच दिवशी खलास. व्हिसा मिळाला तर दोघं एका विमानात. नाही मिळाला तर ती युरोपात आणि हा नाशिकला, किती दिवस ते कोणालाच ठाऊक नाही.

*

वकिलातीनं दोघांचे एकत्र फोटो मागितले.

केदारकडे लग्नाचा भलामोठा अल्बम होता. आम्ही तो पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिला. एकाही फोटोत नवरा-बायको शेजारी शेजारी नाहीत. मध्ये केदारची मावशी. अक्षतांना मावशी, सप्तपदीला मावशी, जेवणाच्या ताटावर मावशी. "पोरगी परक्या देशातली, एकटी पडायला नको" म्हणून मावशी दिवसभर तिला चिकटून उभ्या होत्या. अल्बम बघून मावशींचं लग्न कोणाशी झालं एवढंच कळत नव्हतं.

लग्नानंतरचे फोटो तर विचारूच नका. केदारच्या फोनमध्ये सगळी आइनो, कारण फोटो काढणारा तो. आणि आइनोच्या फोनमध्ये सगळी प्रवाळं.

म्हणून एका शुक्रवारी आम्ही दोघांना घेऊन समुद्रावर गेलो. दिग्दर्शन विनयचं. "केदार, थोडा डावीकडे. आइनो, त्याच्याकडे बघ. आता दोघांनी सहज हसा." केदारनं आइनोच्या खांद्यावर हात ठेवला, तो अगदी सत्कार समारंभात पाहुण्याच्या खांद्यावर ठेवावा तसा. आइनो फिनलंडची, फोटोसाठी हसायची पद्धत तिच्याकडे नाहीच. ती कॅमेऱ्याकडे असं बघत होती की जणू त्यात काही बिघाड आहे.

रुबीनाभाभींनी फोटो हातात घेऊन पाहिले आणि म्हणाल्या, "हे बघून मी पण व्हिसा नाय देणार."

परत निघताना, समुद्रात आयुष्य घालवलेल्या आइनोनं पाण्यातल्या अर्चिन नावाच्या काटेरी प्राण्यावर पाय दिला. ती वाळूत बसली. केदार तिचा पाय मांडीवर घेऊन भुवया आवळून काटे काढत होता, आणि प्रत्येक काट्याला ती त्याचे केस ओढत होती. "हळू हो, हळू, पाय आहे माझा!" भाभींनी गुपचूप तो फोटो काढला. मला तो फार आवडला. जगातल्या कुठल्याही माणसाला दाखवा, हे नवरा-बायको आहेत हे कळलं असतं.

विनयनं तो बाद केला. चेहरे स्पष्ट नव्हते.

*

मुलाखत ठरली. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून तेच प्रश्न विचारणार, असं केदारला कोणीतरी सांगितलं होतं. हे ऐकून विनयच्या अंगात दहावीचं वर्ष संचारलं. विनय बोर्डात आला होता, आणि तो अजूनही त्यातून बाहेर आलेला नाही. त्यानं अपेक्षित प्रश्नसंच तयार केला. नवरा पलंगाच्या कुठल्या बाजूला झोपतो? चहात साखर किती? बायकोचा आवडता रंग कोणता? शेवटचं भांडण कशावरून झालं?

"आधी आपल्यावर चाचणी घेऊ," तो म्हणाला. "प्रश्न सोपे आहेत की अवघड, ते कळेल."

पहिले शब्बीरभाई. भाभींचा आवडता रंग? त्यांनी भाभींच्या ओढणीकडे पाहिलं आणि आत्मविश्वासानं म्हणाले, "हाच."

"ही तुमच्या बहिणीनं दिलेली हाय," भाभी म्हणाल्या. "मला बघवत नाय. रोज वापरून जुनी करतेय."

मग भाभींना विचारलं, यांच्या चहात साखर किती? "अजिबात नाय. डायबिटीस निघाल्यापासून बंद." शब्बीरभाईंनी मान खाली घातली. कँटीनमध्ये ते दोन चमचे घेतात हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. कोणी काही बोललं नाही, पण न बोलण्यानंच घात झाला. भाभींनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि साखरेचं भांडं उचलून स्वतःच्या बाजूला ठेवलं.

मग आम्ही. शेवटचं भांडण कशावरून? विनय म्हणाला, "आमच्यात भांडण होत नाही."

मी म्हटलं, "आज सकाळी. या प्रश्नसंचावरून."

चाचणीचा निकाल स्पष्ट होता. आमच्यापैकी एकाही जोडप्याला युरोपनं आत घेतलं नसतं.

केदार आणि आइनोची निम्मी उत्तरं जुळली, आणि आमच्या मानानं ते भरघोस यश होतं. पण विनयला निम्मे मार्क म्हणजे काय हे माहीतच नाही. त्यानं आदर्श उत्तरं लिहून काढली आणि दोघांना पाठ करायला दिली. रोज संध्याकाळी तो त्यांच्या घरी जाऊन तोंडी परीक्षा घ्यायचा. आइनो मला एकदा म्हणाली, "वहिनी, मला माझा नवरा माहीत होता. आता मी विसरत चालले आहे."

*

पहिल्या मुलाखतीला दोघं रियाधला गेले. साहेब पन्नाशीचे, शांत, एसीमुळे अंगात स्वेटर. आधी केदारला आत घेतलं. तुमची ओळख कशी झाली?

"आमची ओळख होण्याची मुख्य कारणं तीन," केदार म्हणाला, आणि त्यानं तिन्ही सांगितली.

मग आइनो. तुमची ओळख कशी झाली?

"आमची ओळख होण्याची मुख्य कारणं तीन," आइनो म्हणाली. तिनं तीच तीन, त्याच क्रमानं सांगितली.

नवऱ्यातला कुठला गुण आवडतो? बायकोतला कुठला? दोघांनीही समंजसपणा, वक्तशीरपणा आणि कुटुंबवत्सलता हे गुण सांगितले. शेवटचं भांडण? एसीच्या तापमानावरून, परंतु परस्पर चर्चेनं मार्ग निघाला. दोघांनीही 'परस्पर चर्चेनं' म्हटलं. साहेबांनी आइनोला तोच प्रश्न थोडा फिरवून पुन्हा विचारला. तिनं तेच उत्तर शब्द न बदलता पुन्हा दिलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "रिमार्केबल."

केदारनं बाहेर येऊन विनयला मेसेज केला, 'साहेब खूश.' आठवड्यानं उत्तर आलं. लग्नाच्या खरेपणाबद्दल समाधान झालेलं नाही, दोघांनी पुन्हा मुलाखतीला यावं.

विनय ते वाचून सुन्न झाला. "पण एकही उत्तर चुकलं नाही," तो म्हणत राहिला. "मार्क कापले कुठे?"

नाशिकला केदारच्या आईंना हे समजल्यावर त्यांनी साहेबांचा नंबर मागितला. "खोटं लग्न? खोटं असतं तर एवढी माणसं जेवून गेली असती का? मावशीला विचारा म्हणावं, ती पूर्ण वेळ तिथेच होती."

*

त्यानंतरचा शुक्रवार काही हसण्यासारखा नव्हता. आइनोची इथली नोकरी संपत आली होती. कँपसचं घर सोडायचं होतं, खोकी भरून झाली होती. केदारनं खोक्यांचे दोन ढीग केले होते, एक तिच्या सामानाचा, एक त्याच्या. तसे का केले ते कोणी विचारलं नाही.

विनयनं मात्र हार मानली नव्हती. त्यानं नवीन कागद आणला होता. "चूक लक्षात आली माझ्या. उत्तरं फार जुळली. आता आपण ठरवून थोडा फरक ठेवू. पाचव्या प्रश्नाला केदार एक सांगेल, आइनो दुसरं."

रुबीनाभाभींनी त्याच्या हातातून कागद घेतला, टेबलावर पसरला आणि त्यावर गरम घावनं ठेवली. "तेल निथळू दे," त्या म्हणाल्या.

मग केदार बोलला. फार शांतपणे बोलला. "या वेळी नाही म्हणाले तर आइनो पुढे जाईल. मी नाशिकला जाऊन अपील करेन. वेळ लागेल, पण ही नोकरी तिला परत मिळणार नाही. आमचं तसं ठरलंय."

आइनो सिंकपाशी कप विसळत होती. तिनं वळून पाहिलं नाही, काही म्हणालीही नाही. फिनलंडची माणसं कमी बोलतात म्हणून मी ते सोडून दिलं. पण मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. पूर्वी हा माणूस दर आठवड्याच्या सुट्टीला अख्खा देश ओलांडून तिला भेटायला यायचा आणि शनिवारी परत जाताना आमच्या गाडीत एक शब्दही बोलायचा नाही. ते दिवस मी पाहिलेले होते.

निघताना शब्बीरभाईंनी केदारच्या पाठीवर हात ठेवला. "काय पाठ करू नको आता," ते म्हणाले. "जा नुसता. यल्ला, निघ."

*

दुसऱ्या मुलाखतीचा किस्सा मी केदारकडून ऐकला आणि आइनोकडूनही ऐकला. दोघांच्या सांगण्यात बराच फरक आहे. इथे मी तेवढंच सांगते जे दोघांच्या सांगण्यात सारखं आहे.

साहेब तेच होते, स्वेटरही तोच. या वेळी त्यांनी ओळख, साखर, रंग यातलं काही विचारलं नाही. एकच प्रश्न विचारला. आधी केदारला, एकट्याला.

"मी व्हिसा नाकारला तर तुम्ही दोघं काय कराल?"

हा विनयच्या संचात नव्हता. केदार म्हणाला, "ती जाईल. मी भारतात थांबेन आणि अपील करेन. तिनं या कामासाठी फार कष्ट घेतलेत. आमचं ठरलंय."

"तुमच्या बायकोला हे मान्य आहे?"

"हो."

केदारला बाहेर बसवलं. आइनोला आत घेतलं. तोच प्रश्न.

"मी जाणार नाही," आइनो म्हणाली. "संस्थेला मी तसं कळवलंय. व्हिसा मिळाला तर येते, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला द्या. मी यांच्याबरोबर नाशिकला जाणार."

"तुमच्या नवऱ्याला हे माहीत आहे?"

"नाही."

"का नाही?"

"त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला जायला लावलं असतं."

साहेबांनी उत्तर लिहून घेतलं. मग त्यांनी केदारला आत बोलावलं, दोघांना शेजारी शेजारी बसवलं आणि म्हणाले, "तुमची उत्तरं जुळत नाहीत." आणि दोन्ही उत्तरं वाचून दाखवली.

केदार खुर्चीतच तिच्याकडे वळला. इथपर्यंत सगळं इंग्रजीत चाललं होतं, इथून पुढे मराठी सुरू झालं.

"संस्थेला कळवलंस? कधी?"

"त्या शुक्रवारी. कप विसळून झाल्यावर."

"मला न विचारता?"

"तुम्ही मला विचारून ठरवलं होतं का? आमचं ठरलंय, आमचं ठरलंय म्हणून सगळ्या गावाला सांगत सुटलात. कोणाचं ठरलंय? मी काही म्हटलं होतं का?"

"नाही म्हणाली नाहीस ना पण."

"मी हो म्हणाले का?"

"आइनो, अगं, ही नोकरी परत मिळेल का? नाशिकला कुठला समुद्र आहे? काय करणार आहेस तू तिथे?"

"ते माझं मी बघेन. पुन्हा वेगळं राहायचं नाही, हे कोण म्हणालं होतं? मी म्हणाले होते?"

"एक्सक्यूज मी," साहेब म्हणाले.

"ते तेव्हाचं वेगळं होतं," केदार म्हणाला.

"काय वेगळं होतं? सांगा ना. तिथे विमानतळावर तुम्ही तोंड फिरवून उभे राहायचात, मला दिसायचं नाही का? मला परत ते बघायचं नाहीये हो. नाही बघायचं म्हणजे नाही."

केदार डोळे पुसत होता, आणि वर आवाज चढवून म्हणत होता, "आणि हे तू मला आत्ता सांगतेस? इथे? यांच्यासमोर?"

"एक्सक्यूज मी," साहेब दुसऱ्यांदा म्हणाले. "ही कुठली भाषा?"

दोघांचं भांडण चालूच होतं. साहेबांनी थोडा वेळ दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग पुढ्यातली फाइल ओढली, शेवटच्या पानावर काहीतरी लिहिलं, सही केली, फाइल मिटली, आणि पासपोर्ट परत घ्यायची पावती टेबलावरून पुढे सरकवली.

"संडे," ते म्हणाले. "व्हिसा तयार असेल."

आइनोनं त्यांच्याकडे न बघताच हात वर केला.

"थांबा हो जरा," ती त्यांना मराठीतच म्हणाली. "यांचं आधी संपू दे."